मोटारीचा हार

ती केस आजही मनातून जात नाही. पोलीसवाला आठवणी सांगायला बसला की लोकांना खून नाहीतर दरोडा हवा असतो. माझ्याकडे तेही आहेत. पण नोकरीतल्या शेवटच्या दसऱ्याला एक पांढरी अँबेसिडर चोरीला गेली, आणि तिनं मला जेवढं दमवलं तेवढं कुठल्या खुनानं दमवलं नाही. नावं सांगणार नाही. माणसं हयात आहेत आणि भली आहेत.

लासलगावकडच्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. गाडी होती नाशिकला राहणाऱ्या थोरल्या भावाची. या गृहस्थानं जन्मभर नाशिक-मुंबई टॅक्सी चालवलेली. धंदा थांबवला तेव्हा गाडी विकवेना, म्हणून धाकट्या भावाच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीला लागून चार पत्रे टाकून तिथं उभी केली. ती तिथंच राहिली, वर्षानुवर्षं. टायर बसले, उंदरांनी वायरिंग खाल्लं, टाकीत उरलेल्या पेट्रोलचा चिकटा झाला आणि सीटला कांद्याचा वास कायमचा लागला.

सत्तरी ओलांडल्यावर थोरल्याच्या मनानं घेतलं, गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीच. नाशिकचा एक मिस्त्री उन्हाळ्यापासून मळ्यावर येऊन तिच्यात हात काळे करत होता. ब्रेक मोकळे झाले, कार्बोरेटर धुऊन निघाला, आणि नवरात्राच्या तोंडावर इंजिन धडधडलं. आता टेम्पोवर चढवून नाशिकला न्यायची, पासिंग करून घ्यायचं, एवढंच बाकी होतं. टेम्पो यायचा त्याच सकाळी धाकटा भाऊ ठाण्यात हजर.

"सायेब, दादाची मोटार गेली. रातीतून कोनी नेली."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. टायरच्या खुणा शोधाव्यात तर चाळीतला कांदा भरायला ट्रॅक्टर सारखे येत-जात होते, अंगण पार तुडवलेलं. टोलनाक्याचं फुटेज पाहिलं, मनमाडपासून मालेगावपर्यंतचे भंगारवाले हलवले. सटाण्याच्या खबऱ्याचा फोन आला, "साहेब, पांढरी अँबेसिडर आठे उभी शे!" जीप दामटली. गाडी होती खरी, पण चाकं नाहीत, इंजिन नाही, आणि आत एकानं पानटपरी थाटलेली. पान खाऊन परत आलो.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. ज्याच्या घरी चोरी होते तो माणूस पोलिसांना सुखानं चहा पिऊ देत नाही. "काय झालं साहेब, काही धागा?" हे दिवसातून तीनदा. थोरले नाशिकहून फोन करकरून माझे कान किटवत होते. त्यांचा आवाज ऐकून मलाच कसंतरी व्हायचं. गाडी पुन्हा चालवायची एवढं एकच स्वप्न त्या माणसानं धरून ठेवलं होतं. आणि फिर्याद देणारा धाकटा? आम्ही मळ्यावर गेलो की तो खाट टाकून द्यायचा, चहा द्यायचा, पण मोटार कधी सापडेल हे त्यानं एकदाही विचारलं नाही. मी स्वतःला समजावलं, म्हातारा माणूस, धसका घेतला असेल.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. बंदुका पुसून टेबलावर मांडायच्या, जीपला आणि मोटारसायकलींना हार घालायचे. त्या वर्षी सकाळी हार आणायला मीच गेलो. चौकात झेंडूचे ढीग लावून बसलेल्या मावशी ओळखीच्या.

"मावशी, जीपचा हार जरा दणदणीत द्या."

"आमचे सायेब हाराला लय कंजूस," त्या हसल्या. "ते चाळवाले बाबा बघा. दरसाल दोन नेत्यात. ट्रॅक्टरचा एक, मोटारीचा एक. आत्ताच नेले."

"मोटारीचा? यंदासुद्धा?"

"हा मंग! मोटारीचा तर आधी निवडून घेतला."

च्यायला! चोरीला गेलेल्या मोटारीला हार कसला? मी तसाच जीपमध्ये बसलो. सोबतचा हवालदार म्हणाला, "साहेब, उचलून आणू का म्हाताऱ्याला?" म्हटलं, "सणाच्या दिवशी? गप बस."

मळ्यावर ट्रॅक्टर धुऊन उभा होता, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात हार. धाकट्यानं खाट टाकली. मी बसलो आणि साध्या आवाजात विचारलं, "बाबा, ट्रॅक्टरचा हार दिसला. मोटारीचा कुठं घातला?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. चौकशीत मी भल्याभल्यांना तासन् तास खोटं बोलताना पाहिलंय. या माणसाला एवढंच बोलता आलं, "सायेब, दसऱ्याला तिला पारोशी ठिवू का?"

मळ्याच्या पलीकडच्या टोकाला त्याचंच एक बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड होतं. ट्रॅक्टरनं ओढत नेऊन त्यानं गाडी तिथं लपवली होती. आम्ही दार उघडलं तर ती आत उभी, धुतलेली, पुसलेली. बॉनेटवर हळदकुंकू आणि झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, समोर नारळ फोडलेला.

"विकायची होती का?" मी ओरडलो.

"छ्या! काय बोलता सायेब!" त्याला रडू फुटलं. "दादा वरसातून एकदा येतो. दसऱ्याला, मोटारीची पूजा कराया. जेवतो, चाळीपाशी घटकाभर पडतो, सोनं दिऊन जातो. आई गेल्यापासून दुसरं काय ऱ्हायलं हितं त्याचं? मोटार नाशकाला गेली म्हंजी त्यो कशाला येईन? म्हून दडवली. आन् यंदा मोटारच नाय, म्हून तो आलाच नाय."

मी थोरल्यांना फोन लावला आणि गाडी सापडली एवढंच सांगितलं. दुपारी ते मिस्त्रीला घेऊन आले. सगळं ऐकल्यावर धाकट्याच्या अंगावर असे धावून गेले की हवालदाराला मध्ये पडावं लागलं.

"अरे गाढवा! मी ही चालू कशासाठी करत होतो? एसटीची पायरी चढवत नाही मला आता! तुझ्याकडे यायचं तर जावयाच्या तोंडाकडे बघायचं, आज सोडता का, उद्या सोडता का. म्हणून वर्षातून एकदा येतो. म्हटलं, आपली गाडी झाली की मनात आलं तेव्हा उठायचं आणि तुझ्याकडे यायचं. आणि तू तीच चोरलीस!"

मग दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी शेडबाहेर येऊन उभा राहिलो. वर्दीत डोळे पुसणं बरं दिसत नाही.

कायदा त्याच्या वाटेनं गेला. मी जे खरं ते अहवालात लिहून कोर्टात पाठवलं. खोटी फिर्याद दिल्याबद्दल कोर्टानं म्हाताऱ्याला चांगलं खडसावलं आणि समज देऊन सोडलं. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात काही दिवस उभी होती; बाजूनं जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "इथं कांदे कुणी ठेवलेत?" नंतर ती मालकाच्या ताब्यात गेली आणि पासिंगही झालं.

आम्हाला शिकवलेलं असतं, गुन्ह्यात फायदा कुणाचा ते शोधा. त्या दसऱ्यानंतर मी आणखी एक विचारायला शिकलो: या माणसाला भीती कसली आहे? हा प्रश्न फार उशिरा हाती लागला याची हळहळ वाटते.

निवृत्तीच्या थोडं आधी, उन्हाळ्यात, भरदुपारी आमची नाकाबंदी लागली होती. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत मागे एक पांढरी अँबेसिडर डुलत डुलत आली. स्टिअरिंगवर थोरले, शेजारी धाकटा, खिडकीतून कोपर बाहेर काढून राजासारखा बसलेला. मी मुद्दाम हात करून गाडी थांबवली. ना दसरा, ना पाडवा, हारही नव्हता.

"काय बाबा, आज काय विशेष?"

धाकटा हसला. "काय नाय सायेब. दादा आलाय. उगंच."