हवालदार दाजींचं फंक्शन

आपण हुकूम सोडला की संगणक मुकाट पाळणार, अशी ठाम खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. सतरा वर्षं फौजेत काढून दाजी हवालदार म्हणून पलूसला परतले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि सांगलीत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. त्यातल्याच एकात मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होतो. दाजींना पुण्याला वॉचमनची नोकरी तयार होती, पण अक्कानं साफ सांगितलं, "आवं, आता पुन्ना भाईर जायाचं न्हाई." सांगलीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमरची जागा निघणार होती. ती मिळाली तर रोज एसटीनं जाऊन येऊन घरी राहता येणार होतं. नाहीतर पुणं ठरलेलंच. म्हणून वयाच्या अडतिसाव्या वर्षी दाजी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसले.

वर्गात ते मला ताठ उभं राहून "सर" म्हणत आणि बाहेर चहाच्या गाड्यावर "गड्या". एकदा फळ्यापाशी माझ्या तोंडून "दाजी" गेलं, तर "ड्यूटीवर नातं न्हाई" अशी मलाच समज मिळाली. एंटर दाबताना ते चाप ओढल्यासारखा श्वास रोखत. फ्लॉपी शर्टाच्या खिशात, खिशाला बटण, आणि बटण लागलंय की नाही हे दर दहा मिनिटांनी चाचपून बघणं. वर्ग सुटला की खुर्ची पुसायची, कागदाचे कपटे वेचायचे आणि फळा कोरा करायचा. बाकीच्या पोरांचं उतरवून व्हायचं असलं तरी. "छावणी सोडली की मागं काडी ऱ्हाता कामा न्हाई," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. पोरं माझ्याकडे बघत, मी खिडकीबाहेर.

गाडी अडली ती फंक्शनपाशी. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅमनं कामावर धाडलेला माणूस, हे त्यांना फार पटलं. आकडा आणायला धाडला, आकडा घेऊन हजर. पण अक्षरांची अख्खी ओळ, म्हणजे साधं एखादं नाव, हा माणूस उचलून आणत नाही, नुसता ते कुठे ठेवलंय तो पत्ता आणतो, हा त्यांना सरळसरळ शिस्तभंग वाटला. तरी त्यांनी फंक्शनच्या आत जागा केली, नाव लिहिलं आणि पत्ता परत मागवला. पडद्यावर नावाच्या जागी हसरी तोंडं, बदाम, इस्पिक अशी भलतीच चिन्हं उमटली.

"सर, आईचं नाव हाय ते!" दाजी कडाडले.

मी म्हणालो, "फंक्शन परतलं की त्याची आतली जागा मोडते. त्या पत्त्यावर मग दुसरंच कुणी उतरतं. त्यालाही तुमचीच छावणीची शिस्त आहे."

हे त्यांना लागलं. जागा कायमची राखून ठेवता येते, हेही मी सुचवलं, पण दुसरं नाव आलं की त्याच जागेत पहिल्यावर बसणार, हे कळताच "एका खाटंवर दोन जवान? जमायचं न्हाई," म्हणून त्यांनी तो मार्ग बंद केला.

कंपनीची परीक्षा सोमवारी होती. रविवारी मी पलूसला गेलो, तर दाजी वही मांडीवर घेऊन ओसरीत बसलेले. अक्कानं त्यांना दूध आणायला पिटाळलं. ते विचारातच गेले आणि तसेच हात हलवत परत आले. किटली चुलीपाशीच राहिली होती.

"आवं, भांडं न नेता दूध कशात आननार? डेअरीवाला सवताचं भांडं देतो व्हय?"

दाजी अंगणात थबकले. मग घरी असूनही ताठ उभे राहून म्हणाले, "सर! जागा आपनच करून फंक्शनच्या हातात द्यायची!"

हेच मी वर्गात चार वेळा सांगितलं होतं. पण मी किटलीशिवाय सांगितलं होतं, आणि मला मास्तर म्हणून थोडा रागच आला.

सोमवारी परीक्षेत नेमकं नावच उलटवायला आलं, आडनाव आधी. दाजींनी आपली जागा देऊन फंक्शन धाडलं आणि ते नाव घेऊन परतलं. नोकरी लागली.

रुजू व्हायच्या दिवशी मी मुद्दाम पलूसला थांबलो होतो. एसटी वळणावरून दिसेनाशी झाली तरी अक्का हलेना. पदर डोळ्याला.

"अगं अक्का, संध्याकाळी सातला परत येणार आहेत ते."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर त्ये ड्यूटीवर निगाल्यावर सतरा वर्सांत ह्ये मला पयल्यांदाच कुनी सांगितलं."