न गळलेले केस

थेओनीच्या दुकानात केस कापायला बसलं की ग्रीसमधल्या अर्ध्या पात्रास शहराच्या खबरा फुकट मिळायच्या. कुणाचं लग्न मोडणार, कुणाच्या नवऱ्याने कुठे खोली घेतलीय, हे त्या त्या घराच्या आधी थेओनीला कळायचं. आणि तिच्या स्वतःच्या हाडांत कर्करोग शिरलाय, हे सगळ्या गल्लीला कळलं. फक्त तिला नाही. आणि मला नाही. मी शेजारी कापडाचं दुकान चालवते, तिची जुनी मैत्रीण. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर, म्हणून मलाही वगळलं. त्याचा राग मला अजून आहे.

आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत. 'वाईट दुखणं' म्हणतात, तेही दाराआड. डॉक्टर आधी घरच्यांना बोलावतात आणि घरचे हातापाया पडतात, 'तिला कळू देऊ नका, खचेल ती.' थेओनीने स्वतः या नाटकात कैकदा काम केलं होतं. औषधाने डोकं उघडं पडलेल्या बायकांना केसांचा टोप बसवताना ती बिनदिक्कत सांगायची, "ऋतू बदलला ना, की सगळ्यांचेच गळतात." बाहेर थांबलेली त्या बाईची मुलगी जाताना हळूच थेओनीचा हात दाबायची.

हिवाळ्याअखेरचा कार्निव्हलचा उत्सव संपला आणि थेओनीच्या पाठीने दगा दिला. तपासण्या झाल्या. नवरा स्ताथिस आणि धाकटी बहीण आर्गिरो डॉक्टरांकडून येऊन म्हणाले, रक्त कमी झालंय, हाडं ठिसूळ झालीत, गोळ्या घ्यायच्या. थेओनीने बापडीने गोळ्या घेतल्या. रोज सकाळी मात्र ती आरशासमोर कंगवा फिरवून नीट न्याहाळायची.

"बघ," ती मला म्हणायची, "तसलं काही असतं तर कंगव्यात आलं असतं. केस माझ्यापासून काय लपवणार?"

केस कापून पोट भरणाऱ्या बाईनेच करावी अशी ही चूक. गोळ्या त्याच आजाराच्या होत्या. केस न पाडणाऱ्या, एवढंच.

बिंग फुटलं ते कल्लिओपीमुळे. ही गिऱ्हाईक बाई वर्षानुवर्षं दर शनिवारी कपाळावरच्या बटांवरून थेओनीशी भांडत आलेली. थंडी सुरू होता होता एका शनिवारी थेओनीच्या पाठीत कळ आली आणि बटा चक्क वाकड्या कापल्या गेल्या. कल्लिओपी आरशात बघून म्हणाली, "किती सुंदर गं! सोन्याचे हात आहेत तुझे."

थेओनीने कात्री खाली ठेवली. "कल्लिओपी, मी मरतेय का?"

कल्लिओपीने रुमाल तोंडाला लावला. उत्तर मिळालं.

सोमवारी दुकान बंद असतं. थेओनी मला घेऊन थेट डॉक्टर व्लाहूंकडे गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहान, स्वभावाने चांगली. थेओनीने सरळ विचारल्यावर तिने दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"नवं औषध काही निघालं नाही का?" थेओनीने विचारलं.

बाईने समोरची फाइल मिटली. "होतं. वसंतात अथेन्समध्ये त्याची चाचणी चालू झाली, तुम्ही तिच्या निकषांत बसत होता. पण त्यासाठी तुम्हाला आजार सांगून तुमचा होकार घ्यावा लागला असता. घरचे नको म्हणाले. मी त्यांचं ऐकायला नको होतं."

"मग आज देते होकार. लिहून घ्या."

थेओनीच्या पिशवीतून केस फुलवायचा गोल ब्रश डोकावत होता. डॉक्टरीणबाईने तो उचलला. "पेशीच्या अंगावर अशा ब्रशसारखे रेणू असतात. मधे प्रथिनाची दांडी, तिला साखरेचे लांब केस. प्रोटिओग्लायकन म्हणतात त्यांना. पेशीला वाढायला सांगणारे रक्तातले निरोप याच केसांत अडकतात. तुमच्या रोगट पेशींवर अशा एका ब्रशचं रान माजलंय. नवं औषध नेमका तोच ब्रश ओळखून पेशीला धरतं आणि मारतं."

"मग धरू दे की!"

"पेशी हे ब्रश तोडून रक्तात सोडतात. वसंतात ते थोडे होते. आता रक्तात त्यांचा खच पडलाय. औषध वाटेत त्यांनाच चिकटून बसतं, पेशीपर्यंत पोचतच नाही. वर ते सुटे ब्रशही वाढीचे निरोप गोळा करून रोगाला खाऊ घालतात. त्या चाचणीत आता तुम्हाला घेणार नाहीत. दुसरी औषधं आहेत, ती देऊ. पण हे गेलं."

थेओनीने ब्रश परत पिशवीत ठेवला. "म्हणजे गळत होतं," ती म्हणाली. "मीच भलतीकडे बघत बसले."

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात स्ताथिस आणि आर्गिरो खाली मान घालून बसले होते. मी उठले तर थेओनी म्हणाली, "तू थांब. गल्लीत एकीने तरी खरं सांगितलं पाहिजे."

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं," स्ताथिस पुटपुटला.

"पडद्याचा रंग विचारतोस. मसुरात व्हिनेगर किती घालू विचारतोस. मला जगायची धडपड करायचीय का, एवढंच विचारायचं राहिलं?"

"ताई, तू खचली असतीस," आर्गिरो रडत म्हणाली.

"खचले असते. मग उठून हो म्हटलं असतं. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तुम्हाला काय करू?"

आर्गिरोने डोळे पुसले आणि बोलू नये ते बोलली. "तूसुद्धा त्या सगळ्या बायकांना ऋतू बदललाय म्हणूनच सांगायचीस ना?"

थेओनी एकदम खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता आर्गिरोच्या थोबाडीत बसणार. पण तिचा आवाज पार खाली गेला होता. "हो, सांगायचे. त्यांच्यातही कुणी हो म्हटलं असतं."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या औषधासाठी आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सने दार उघडलं आणि सवयीने हाक मारली, "थेओनीबाईंचे यजमान, आधी तुम्ही या." स्ताथिसही सवयीनेच टोपी काढून उठला.

थेओनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकावर बसवलं. "तू बस. काय झालंय ते आधी मला कळू दे. मग तुला सांगायचं की नाही, ते मी बघेन."

आणि तिने आत जाऊन दार लावून घेतलं.