काकांची एक दिवस आड गोळी

"ह्या गोळ्या काय सोयाबीनसंगं पेराच्या होत्या काय?" काकू ओरडत होती. आवाजाचा दणका असा, की दर्यापूरच्या स्टँडवर सुटायला निघालेली जीप म्हणे दहा मिनिटं जागची हलली नाही. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत काकांनी लपवलेल्या पंधरा गोळ्या तिच्या ओंजळीत होत्या. रोज एक घ्यायची होती. महिनाभरात निम्म्याच पोटात गेल्या होत्या.

काका खाटेवर बसून स्वतःच्या पायाचे अंगठे पाहत होते. त्यांना अकोल्याच्या डॉक्टरांकडे न्यायला मी अमरावतीहून आलो होतो, तो नेमका या लढाईत सापडलो.

या माणसानं उभ्या जन्मात बिडी ओढली नाही. लग्नात कोणी पेटवली, तर हा मांडवाबाहेर जाऊन उभा राहायचा. तरी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. खोकला असा, की पहिल्या उबळीला कोंबडा आरवायचा आणि दुसरीच्या हादऱ्यानं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सुरू व्हायचा. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला बाहेरगावी पाठवला. "काही जणांच्या गाठीत एखादं जनुक बदललेलं असतं," ते म्हणाले. "मोटरपंपाचा स्टार्टर चिकटून बसावा तसं. वाढ बंदच होत नाही. तो बदल सापडला, तर नेमका तोच स्टार्टर पाडणारी गोळी आहे. नाही सापडला, तर ती गोळी तुमच्या कामाची नाही."

तेव्हा रिपोर्टमध्ये दोष निघावा म्हणून मारुतीला नारळ कबूल करणारं आमचं घराणं पृथ्वीवर पहिलंच असावं. दोष निघाला. आम्ही पेढे वाटले. गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत खोकला असा पळाला, की शेजाऱ्याला ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागला.

आणि आता ह्या पंधरा.

"कावून नाही घेतल्या, काका?"

"कपाशीवर एकच औषध सारखं मारलं तं काय होते?"

"अळी सरावते."

"मंग? थे आतलं बी सरावन. म्हून एक दिवस आड घेऊन राहिलो. त्याले अंदाजच लागू नाही द्याचा."

खोटं कशाला सांगू, मला पटलं. जीप अकोल्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांचा दोन-तीन देशांत सत्कारही उरकून टाकला होता.

अकोल्यात काकांनी हाच हिशेब डॉक्टरांना ऐकवला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी उलट विचारलं, "काका, फवारणीच्या पंपात सांगितल्याच्या निम्मंच औषध टाकलं तर?"

काका टोपी चाचपू लागले.

"सांगा ना आता," काकू म्हणाली. "शेजाऱ्यानं तसं केलं तं गावभर हासत फिरले तुमी."

"कमजोर अळी मरते," काका सावकाश म्हणाले. "दणकट राह्यते. मंग तिचीच पैदास."

"तेच करून राहिले तुमी," डॉक्टर म्हणाले.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या डोक्यात वेगळीच वळवळ: ना डोळे, ना डोकं, अशा एवढ्याशा गाठीला औषध चुकवायचं शिकवतं कोण? विचारणार, तेवढ्यात काकांनी दुसरंच विचारलं.

"अन रोज घेतली तं? मंग तं नाही ना सरावत?"

डॉक्टरांनी हातातली छातीच्या स्कॅनची फिल्म खाली ठेवली. "तरी सरावतं. कोणाचं लवकर, कोणाचं बऱ्याच उशिरा. कधी ते मी सांगू शकत नाही. तेव्हा पुन्हा तपासू, नवा बदल कोणता झाला ते पाहू. त्यावर दुसरी गोळी असू शकते. असेलच असं नाही."

काकूनं पिशवीतून त्या पंधरा गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. "ह्या साऱ्या आजच देऊ काय?"

"नाही. सुटल्या त्या सुटल्या. आजची एक."

काकांनी एक गोळी उचलली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि माझ्याकडे हात केला.

"पाणी दे," म्हणाले.