सहाव्या माळेला आलेलं मशीन

गोल बाजारामागच्या आमच्या घरावरून रस्ता जाणार, ही नोटीस उन्हाळ्यातच आली होती. बदल्यात अभनपूर रस्त्याकडे चौथ्या मजल्यावर दोन खोल्याही मिळाल्या होत्या. बायको आणि मुलगी सामानासकट तिकडे गेल्या. मागे उरलो आई आणि मी, कारण मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं होतं, "नवरात्रात रायपुरात कोणी हातोडा उचलत नाही. दसऱ्यानंतर बघू."

"पापा, मशीन व्रत नहीं रखती," मुलगी म्हणाली होती. मी तेव्हा मनसोक्त हसलो होतो.

माझ्या भरवशावर आईनं घट बसवला. आमच्याकडे घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलत नाही आणि घराला कुलूप लागत नाही. हे आईला तिच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. कारण कोणीच विचारलं नव्हतं.

सहाव्या माळेला सकाळी दहा वाजता घर पाडायचं मशीन आलं.

सोबतचे साहेब सभ्य होते, चपला काढून आत आले. "माताजी, मूर्ती उठा लीजिए. गाड़ी हम दे देंगे."

"मूर्ती नाही भैया, घट आहे. अन् मी कोण उठवणारी? ती बसली आहे, तिलेच विचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न असो की तेरवी, मला कुठंही भाषण सुचतं. त्या दिवशी मात्र, दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसा मी सगळाच बधिर झालो होतो. एवढंच म्हणालो, "आई, उचलून टेम्पोत ठेवू. देवी समजून घेईल."

"ती घेईल रे. पण मी काहून तिले समजून घ्यायले लावू?"

मशीनवाला खिडकीतून डोकावत होता. घटाभोवतीच्या मातीत गव्हाचे पिवळे कोंब बोटभर वर आले होते. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "साहब, ये तो जंवारा हे. एला नइ हटावँय." त्याच्या गावी, त्याच्याही घरात, हेच पेरलेलं होतं आणि तिथंही ते कोणी हलवत नव्हतं.

"तू मशीन चला," साहेब म्हणाले.

"हव, चलाहूँ. फेर ए खोली ल दसरा के दिन."

साहेबांनी दोन फोन केले. घराचा पुढचा भाग आधी पाडायचा ठरला. देवघराला दसऱ्याच्या दुपारपर्यंत मुदत मिळाली.

बैठक गेली, जिना गेला, स्वयंपाकघर गेलं. देवघराची रस्त्याकडची भिंतही गेली आणि आमची देवी थेट रस्त्यावरून दिसू लागली. लोक स्कूटर थांबवून हात जोडायचे. कोणी नारळ ठेवून गेलं. एका बाईनं मला विचारलं, "पंडितजी, आरती कितने बजे?" मी साडेसात सांगितले. ती खरंच आली, शेजारणींना घेऊन. एरवी हा किस्सा मी वर्षभर साभिनय सांगितला असता. तेव्हा घंटी वाजवली आणि प्रसाद वाटला.

आई रोज कोंबांवरची धूळ ओल्या फडक्यानं टिपायची. उपासाला राजगिऱ्याचा लाडू खायची आणि झेंडूची माळ ओवायला बसायची.

"भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटते ना. दोरा दे."

दसऱ्याला तिनं पूजा केली, घट दोन बोटं सरकवला आणि मग उचलला. कोंब खुडून माझ्या कानावर खोवले. मशीनवाल्यालाही दिले. त्यानं ते कपाळाला लावून खिशात ठेवले.

"झालं माझं," ती त्याला म्हणाली. "आता तुझं कर, बेटा."

ऑटोत ती देवांचा डबा मांडीवर घेऊन समोर बघत बसली. मी मागे वळून पाहिलं. छत खाली आलं. ते दुसऱ्या कोणाचं असतं तर मी निदान हळहळलो असतो.

चौथ्या मजल्यावर बायकोनं वरण-भात वाढला. नऊ दिवसांनी मिठाचं जेवत होती आई. दोनदा भात घेतला.

"इथं नळ किती वाजता येतो?"

"दादी, यहाँ चौबीसों घंटे आता है," मुलगी म्हणाली.

"बरं," म्हणून आई हात धुवायला उठली. ती कधीतरी रडेल, मग मलाही रडता येईल, म्हणून मी ताटावरच बसून राहिलो. आतून ती भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.