एकोडीच्या बाया आणि तपासणीची नळी

एकोडी सोडून मी मुलाकडे नागपूरला निघाले, तेव्हा धाकटी जाऊ सुमन साकोलीच्या स्टँडवर गळ्यात पडून रडली. मीही रडले. पण एक गोष्ट पोटात ठेवूनच बसमध्ये चढले.

माय सांगायची, "पोरी, पदर सांभाळजो." तो मी असा सांभाळला, की गावात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा तपासायचं टेबल पाहूनच मागच्या दारानं पळाले. वर बायांना ऐटीत सांगितलं, झाली तपासणी, काही निघालं नाही. मोठ्या जावेला काही नाही, तर आपल्याला काय होतं, म्हणून सुमन गेलीच नाही. अशी मी शहाणी!

नागपुरात वस्तीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं हातात ब्रश अन् नळी दिली. आजी, बाथरूममध्ये जा, तुमचा नमुना तुम्हीच घ्या. दोन मिनिटांचं काम. त्यातलं एक मी स्वतःला हसण्यात घालवलं. रिपोर्ट चांगला आला आणि सुमन आठवली.

तशा नळ्या गावाकडे आशाताईही वाटू लागल्याचं कळलं, तशी भाताच्या रोवण्याला एकोडी गाठली. धानाच्या बांधीत पुरुष नव्हते. चिखलात वाकलेल्या बायांसमोर सगळं सांगून टाकलं. सुमन पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची जुडी हातात घेऊन उभी राहिली.

"म्हणजे तुमच्या भरवशावर मी बिनघोर होती, बाई?"

"होय. लबाडी केली मी. आता तू करून घे."

ती पुन्हा चिखलात वाकली. पण संध्याकाळी आशाताईकडून नळी घेऊन न्हाणीत गेली. मागोमाग सगळ्याच गेल्या. नळीवर मात्र नावं लिहिली सवयीची. रिपोर्ट आले, एकात दोष, आणि वर लिहिलेलं 'बंटीची माय'. गावात बंटी दोन! दोघींनी पुन्हा नमुना दिला, या वेळी स्वतःच्या नावानं. दोष निघाला तो सुमनचा.

भंडाऱ्याला उपचार झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून कॅन्सर झालेला नव्हता, वेळेत आलात. बाहेर येऊन मी रडले, तर सुमननंच मला दटावलं.

यंदा गेले, तर ती शेजारच्या गावच्या बायांना शेताच्या धुऱ्यावर बसवून सांगत होती, "लाजता काहून? आपला हात, आपलं आंग." माझी छाती फुगली. नागपूर आता मानवलंय; फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. पण त्या बायांतल्या एकीनं विचारलं, या पाहुण्या कोण, तेव्हा सुमननं मान वर न करता सांगितलं,

"पाहुण्या कायच्या? घरच्याच आहेत."