रिकामी झोळी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आमच्या संस्थेचं पाळणाघर होतं, आणि मी तिथे शिकाऊ. शिकायचं काय, तर दुपारभर बाळं झोपवायची. आता सांगताना हसू येतं, पण तेच काम होतं बाई! पत्र्याखालच्या वाशांना जुन्या साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या. निळी, मोरपंखी, एक विटकी गुलाबी. पत्र्याच्या भोकांतून ऊन गळायचं, आणि त्या रंगांतून गाळून आलेला उजेड बाळांच्या तोंडावर पडायचा. झोके देता देता माझेच डोळे मिटायचे. आपण कुठल्याशा तळ्याच्या तळाशी बसलोय आणि डोक्यावरून होड्या चालल्यात, असं वाटायचं.

अशाच एका दुपारी दारातून आवाज आला, "गो बाय, ही झोळी कोण हलयता?"

दारात एक आजी. मालवणकडची. तिच्या मुलाची गिरणी बंद पडलेली, तो रोजंदारी शोधत दिवसभर बाहेर, म्हणून सून नुकतीच साकीनाक्याच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींना तारा गुंडाळायला लागली होती. नातू आमच्याकडे. मी बघते तर नातू माझ्या मांडीवर, आणि त्याची रिकामी झोळी आपली डुलतेय. कोणी हलवत नव्हतं हो! टेबलफॅनचं तोंड तिकडे वळलं की डुलायची.

"पंखा आहे आजी."

"पंखो असांदे नायतर वारो! रिकामी झोळी हालली की पोराच्या पोटात दुखता. तुझ्या आवशीन शिकवल्यान नाय तुका?"

आणि नातवाला काखेला मारून गेलीच ती.

संध्याकाळी सून आली, चेहरा उतरलेला. "सासूबाई पोराला आता पाठवणार नाही म्हणतात. त्यांना गुडघ्यांनी उठवत नाही, पोर रांगतंय, दारापुढे हा एवढा उतार. म्हणजे मीच घरी बसायचं ना? शेठने आधीच बजावलंय, एक खाडा झाला तर दुसरी बाई बघतो."

आमच्या ताई, संस्था त्याच चालवायच्या, लगेच म्हणाल्या, "मी येते. अंधश्रद्धेवर चार शब्द बोलते."

"ताई, तुमचे चार शब्द संपेस्तोवर तिची नोकरी जाईल."

ताई हसल्या. "मग तूच जा, शहाणे."

गेले. आजी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "समजूत घालूक इलंस?"

"नाही, विचारायला आले. बाळाला भरवायचं, पुसायचं, म्हणजे झोळीतून काढावं तर लागणार. मग ती रिकामी राहू नये म्हणून काय करू?"

 आजी खडे बाजूला सारत राहिली. बाहेर दिवेलागणीचा धूर डोंगरावर चढत होता.

"बारशाक पाळण्यात पयला काय घालतत?"

"वरवंटा."

"मगे?"

झालं! सकाळी शेजारणींकडे वरवंटे मागत फिरले. "काय गं, संस्थेत आता चटण्या वाटणार?" बायका खिदळल्या. आजीने तर आपलाही दिला. बाळ उचललं, की त्या जागी टोपडं घातलेला वरवंटा. ताईंनी पाहिलं नि कपाळाला हात लावला. "अहवालात काय लिहू हे?"

"पटावर मुलं वाढली, असं लिहा."

आजीने झोळ्या हातांनी चाचपल्या आणि नातवाला माझ्याकडे दिलं. "सांजेक माझो वरवंटो परत धाड हां, आमटीचा वाटप वाटूचा आसा." सून दारातच थांबली होती. ती तिथूनच पळत उतार उतरली.

दुपारी मला खरंच कळेना, कुठल्या झोळीत बाळ आणि कुठल्यात दगड. सगळेच सारखे जड, सारखे शांत.

संध्याकाळी सून कामावरून परतली. बोटांना वार्निशचा वास. बाळ झोपलेलं. मी उचलायला गेले, तर म्हणाली, "राहू दे गं, जरा बसते." आणि भिंतीला टेकून, पदर तोंडावर घेऊन, तीही झोपली. मी कोणालाच उठवलं नाही.