जानमाजेत गुंडाळलेली बाटली

मी नेरे गावची, माझी मैत्रीण जवळच्याच पनवेलच्या मुस्लिम मोहल्ल्यातली. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो आणि वर्षातून दोनदा पाठीवर सॅक टाकून डोंगर गाठायचो. मोबाइल तेव्हा बटणांचे होते, आणि लग्न न झालेल्या दोन बाया अशा फिरतात याचं आमच्या गावाला अजीर्ण व्हायचं. "तुमाला घरात करमत नाय का गो?" माझी काकी विचारायची. नाय करमत, मी सांगायचे.

सामान भरायची आमची एक पद्धत होती. तिच्या घरी चादर अंथरून दोघींचं सगळं त्यावर ओतायचं आणि वजन बघून दोन ढीग करायचे. त्यात तुझं-माझं नसायचं. माझे मोजे तिच्या सॅकमध्ये, तिची औषधं माझ्या. मला सख्खी बहीण नाही, आणि असती तरी तिने माझे मोजे वाहिले असते असं वाटत नाही.

त्या फेब्रुवारीत आधी नाशिककडचे द्राक्षमळे आणि मग कळसूबाई असं ठरलं. वाइनची द्राक्षं बघून माझी निराशाच झाली. बारीक दाणे, जाड साल आणि आत बियाच बिया. तिने मात्र छाटणीपासून पिंपापर्यंत सगळं विचारून मळेवाल्याला भंडावून सोडलं. वाइन चाखायला बसलो तेव्हा ती शेजारी लिंबूपाणी पीत होती. "तू पी, मी तुझं तोंड बघते," म्हणाली. पहिल्या घोटाला ते बघण्यासारखं झालंही असेल, पण चौथ्या पेल्याला मला ते प्रकरण आवडायला लागलं होतं. आमच्याकडे बाप्ये पितात आणि बायका मटण शिजवतात. मी लाल वाइनची एक बाटली स्वतःसाठी विकत घेतली आणि उगाच मोठी झाल्यासारखी मिरवले.

दुसऱ्या दिवशी कळसूबाईच्या पायथ्याच्या गावात मुक्काम होता. सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी सॅका भरल्या. मी धडपडी, ती जपून पाऊल टाकणारी, म्हणून बाटली तिच्या सॅकमध्ये. सामानात सगळ्यांत मऊ होती तिची जानमाज, म्हणजे नमाजाची चटई. बाटली तिच्यातच गुंडाळली. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं.

लोखंडी शिड्या चढून दुपारी शिखराखालच्या विहिरीपाशी पोचलो. तिने वजू केला, हातपाय-तोंड धुऊन आली, सॅकमधून जानमाज काढली आणि झटकली. बाटली गवतावर पडली आणि घरंगळत माझ्या बुटापाशी आली. फुटली नाही. फुटली असती तर निदान आवाज तरी झाला असता.

तिने जानमाजेची घडी घालून बाजूला ठेवली, विंडचीटर अंथरलं आणि त्यावर नमाज पढली. मी बाटली मांडीवर घेऊन बसले होते. वर देवीला जाणारे लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं," उतरताना ती म्हणाली. "तू ती तुझ्या सॅकमध्ये घेतली असतीस. एवढंच झालं असतं."

"सॉरी."

"कशाबद्दल? बाटलीबद्दल?"

"हो."

ती पुढे निघून गेली. एरवी शिडी उतरताना ती खाली थांबून माझा पाय धरून पायरीवर टेकवायची. त्या दिवशी मी एकटी उतरले आणि उतरताना रडले. हिच्याशी बिनसलं तर आपल्याला दुसरं कोणी नाही, एवढंच डोक्यात होतं.

घोटीला एसटी मिळाली. ती खिडकीशी बसली, मी शेजारी. कसारा घाट उतरेपर्यंत मी मनात तेच वाक्य दहा वेळा जुळवलं.

"बाटलीबद्दल नाही," शेवटी म्हटलं. "तू अंघोळीला कधी जातेस याची मी वाट बघत होते. त्याबद्दल."

"माहीत होतं मला," ती बाहेर बघत म्हणाली. "तू सांगतेस का, ते बघत होते."